एकावन्नावं पान

१

रविवारी दुपारी साडेचारला गोंदियालगतच्या फुलचूरच्या देवीदास मास्तरांच्या माडीवर पाच माणसं एका टेबलाभोवती उभी होती, आणि टेबलावर जी वही असायला हवी होती ती नव्हती.

वही अतुलची. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, एकशेवीस पानांची. तीत तीन वर्षांचं काम होतं.

या माडीवर सहा वर्षं दर रविवारी एक खेळ चालायचा. त्यात पट नाही, पत्ते नाहीत. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे कोणी योद्धा तर कोणी मांत्रिक बनून त्या गोष्टीत शिरतात आणि डाव साधला की फसला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधाराला गोष्ट आधी रचून ठेवावी लागते. नकाशे, सापळे, भुतंखेतं, जादूच्या वस्तू. या रचलेल्या गोष्टीला मंडळी मोहीम म्हणायची.

पुण्याच्या एका नव्या प्रकाशनानं मराठी मोहिमांची स्पर्धा लावली होती. एका मंडळाची एकच मोहीम घेणार, मुदत शनिवारी संध्याकाळी पाच. म्हणून आज मतदान झालं. एकीकडे अतुलची मोहीम, दुसरीकडे रुचीची. हात वर करा म्हटल्यावर तीन हात अतुलसाठी वर गेले. अतुलनं मत दिलं नाही. रुचीचा हात मांडीवरच राहिला, आणि तो तसा राहिलेला सगळ्यांनी पाहिला.

नंतर मंडळी खाली अंगणात चहाला उतरली. अर्ध्या तासात अतुल सोडून प्रत्येक जण एकेकदा वर जाऊन आला. गुड्डू मोबाईलचा चार्जर आणायला, नीतू डबा आणायला, मास्तर वाऱ्यानं आपटणारी खिडकी लावायला आणि रुची उगाच. तिला एकटीला थोडं उभं राहायचं होतं. बाहेरचं कोणी जिन्यावर चढलं नव्हतं.

"अरे यार, वही को पाय फुटले क्या?" गुड्डू म्हणाला. त्याचं गोंदियाच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिभेवर हिंदी-मराठीची मिसळ.

कोणी हसलं नाही. नीतूची नजर खुर्चीला टांगलेल्या रुचीच्या पिशवीकडे गेली. मग गुड्डूचीही गेली.

रुचीनं पिशवी उचलली आणि टेबलावर उलटी केली. कंगवा, पाण्याची बाटली, फासे, तिची स्वतःची मोहीम. वही नव्हती. तरी कोणाच्या चेहऱ्यावरचा संशय हटला नाही.

२

खरं सांगायचं तर संशय घ्यायला जागा होती. अतुल या मंडळात येण्याआधी मोहिमा रुचीच्या चालत. जादूच्या वस्तू रचाव्यात तर रुचीनं, असं मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी हा अतुल आला, चोरखमाऱ्याकडच्या एका गावात टपाल वाटणारा, शर्टाला शाईचे डाग असलेला. आल्या आल्या त्यानं एक मोहीम चालवली आणि रुचीच्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं.

तिच्या मोहिमेत सात दारांचा किल्ला होता, अग्नी ओकणारा सर्प होता, राजकन्येची शापित अंगठी होती. सगळं रेखीव. आणि अतुलनं काय घेतलं होतं? तेंदूपत्त्याचा फड. जंगलातून तोडून आणलेली विडीची पानं मुन्शी मोजून घेतो ती जागा. त्याच्या मोहिमेत एका मुन्शीनं पत्ता तोडणाऱ्या बाईचा खून केलेला असतो, आणि खेळणाऱ्यांच्या हाती तिनं बांधलेला पुडा लागतो. त्या पुड्यातलं एक पान जाळलं की मेलेलं माणूस एका प्रश्नाचं उत्तर देतं. त्याबदल्यात पान जाळणारा स्वतःची एक आठवण कायमची गमावतो.

"वस्तू काय देते हे कोणीबी लिहिते. ती काय घेते हे लिहा." चित्रकला शिकवून निवृत्त झालेले देवीदास मास्तर सगळ्यांना हेच सांगायचे. रुचीला ते पाठ होतं. अतुलला मात्र ते जमलं होतं, आणि ही गोष्ट तिच्या डोळ्यात कुसळासारखी खुपत होती.

"काही होत नाही," अतुल त्या दिवशी म्हणाला. पण टेबलाखाली त्यानं पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "शनिवारपर्यंत नाही सापडली तर रुचीची पाठवा."

हेच रुचीला सगळ्यात झोंबलं. वही सापडली नाही तर तिची मोहीम पुण्याला जाणार होती, आणि तिच्या नावाला चोरीचा डाग लागून जाणार होती. सापडली तर नाव स्वच्छ होणार, आणि मोहीम पिशवीतच राहणार.

नीतूनं तोडगा काढला. ती एका खाजगी शिकवणीत विज्ञान शिकवायची, तिचं डोकं सरळ चालायचं. "गेल्या महिन्यात आपण याचा अर्धा भाग खेळलो आहोत. ज्याला जे आठवतं ते त्यानं कागदावर लिहायचं. रुची टाईप करेल. त्यावरून अतुल पुन्हा उभी करेल."

"वही रुचीच शोधन," अतुल एकदम म्हणाला.

"मी?" रुची म्हणाली.

"हो, तू. माझ्या वस्तू तुझ्याइतक्या बारकाईनं कोणी पाहिल्या नाहीत."

हे टोमणा मारून म्हटलं की मनापासून, ते तिला कळलं नाही. गुड्डू मात्र तोंड फिरवून हसला.

३

बुधवारी चारही कागद रुचीच्या टेबलावर होते. गोंदियात रेल्वे स्टेशनजवळ ती ऑनलाईन फॉर्म भरून द्यायच्या केंद्रात बसायची. दुपारी गर्दी ओसरली की तिनं कागद शेजारी शेजारी मांडले, तिचा स्वतःचाही.

फडाचा नकाशा सगळ्यांनी थोडाफार सारखाच काढला होता. मुन्शीच्या खोलीतला सापळा गुड्डू विसरला होता, कारण त्यात तोच पडला होता. मग ती तेंदूच्या पुड्यापाशी आली. गुण: मेलेल्याचं एक उत्तर. किंमत: एक आठवण. मर्यादा...

मर्यादेपाशी तिचं बोट थांबलं.

गुड्डूनं लिहिलं होतं, "७० पानं, ७० सवाल." तिनं स्वतः लिहिलं होतं, "सत्तर पानं संपली की जादू संपली." नीतूच्या कागदावर होतं, "पचास पत्ती." आणि मास्तरांच्या वळणदार अक्षरात, "पन्नास पाने."

खेळताना त्यांनी जेमतेम तीन पानं जाळली होती. पुड्यात एकूण किती, हे अतुल कधी बोललाच नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं, कारण विचारायचं काय त्यात? गोंदिया जिल्ह्यात तेंदूचा पुडा सत्तर पानांचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मग पन्नास आले कुठून?

तिनं केंद्राला कुलूप लावलं आणि स्कूटी काढली.

४

अतुल तिला चोरखमाऱ्याच्या धरणाच्या पाळीवर भेटला. टपालाची पिशवी सायकलला अडकवून तो डबा खात बसला होता. मागं पाण्यावर बदकं उतरली होती. रुचीनं डबाबिबा काही विचारलं नाही.

"तुझ्या पुड्यात पानं किती आहेत गा?"

अतुलचा घास हातातच राहिला. "काऊन?"

"सांग न."

त्यानं डबा झाकून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पन्नास. पण हे कोणालेच ठाऊक नाही. वहीच्या शेवटच्या पानावर आहे ते. सगळी मोहीम त्याच्यावरच उभी आहे."

"कशी?"

"पुडा सत्तरचा आहे असंच खेळणारा धरून चालते. तो हिशोबानं पानं जाळत जाते. पन्नास होतात, आणि एकावन्नावं पान काढायले जाते तर पुडा रिकामा. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडते. पन्नासचा पुडा आपल्याकडं बांधतच नाहीत. तो छत्तीसगडात बांधतात. म्हणजे ती बाई इथली नव्हतीच, सीमेपलीकडची होती. अन् मुन्शी पहिल्यापासून सांगून राहिला असते का ती आपल्याच गावची. तिथं तो सापडते."

रुचीच्या किल्ल्याच्या सात दारांत मिळून एवढं नव्हतं. नुसत्या मोजदादीत खुनी पकडायचा, तोही इथल्याच माणसाला कळेल अशा खुणेनं. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून अंगाची लाही लाही झाली.

"ज्यानं पन्नास लिहिलं, त्यानं शेवटचं पान वाचलं," ती म्हणाली. "वही त्याच्याकडं आहे."

"कोणी लिहिलं?"

मास्तरांचा कागद तिला आठवलाही नाही; नीतूचं नाव सांगायची तिला इतकी घाई झाली होती की तिला स्वतःचीच भीती वाटली. अतुलच्या प्रत्येक विनोदावर आधी हसणारी नीतू. मतदानात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी नीतू. आणि पिशवीकडे पहिली नजर टाकणारीही नीतूच.

"उद्या सांगते," रुची म्हणाली.

५

गुरुवारी शिकवणी सुटायच्या वेळी तिनं नीतूला दारातच गाठलं आणि कागद पुढं धरला.

"हे पन्नास कुठून आणलंस?"

नीतूनं कागद पाहिला, रुचीकडे पाहिलं. "मतलब? पुडा पन्नासचाच असतो ना."

"इथं सत्तरचा असतो."

"सत्तर?" नीतूला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "आमच्या डोंगरगढला तर पचासच. माझी नानी पत्ता तोडायची. आम्ही सगळी नातवंडं उन्हाळ्यात ओसरीवर बसून गड्डी बांधायचो. पचास झाले की गाठ. एक कम झाला तर नानी कान पकडायची." ती थांबली. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "तुला वाटलं, वही मी घेतली?"

नीतू लग्न होऊन गोंदियात आलेली, छत्तीसगडातल्या डोंगरगढची लेक, हे रुचीला सहा वर्षं ठाऊक होतं. पण जिच्यावर आपण जळतो तिचं माहेर आपल्याला कशाला आठवेल? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला ती निघाली होती.

"मी पण तुझ्यावर शक केला होता," नीतू म्हणाली. "तुझ्या पिशवीकडे मी पाहिलं, ते तू पाहिलंस. सॉरी. हिसाब बराबर."

रुची स्कूटीपाशी आली. किल्ली लावली आणि तशीच उभी राहिली. पन्नास दोघांनी लिहिलं होतं. नीतू पलीकडची, तिला पन्नासच ठाऊक.

पण देवीदास मास्तर गोंदिया जिल्ह्यातल्याच सालेकशाचे. त्यांची माय पार्वताबाई पत्ता तोडायची. गेल्या महिन्यात खेळताना पुडा हाती आला तेव्हा मास्तरच रुचीच्या कानाशी वाकून अभिमानानं म्हणाले होते, "माही माय न पाहता सत्तर पानं मोजे. मीबी मोजतो. बोटालेच समजते." ज्याच्या बोटांना सत्तर कळतं त्यानं पन्नास लिहिलं.

सगळं गोंदिया ती पालथं घालत होती, आणि वही ज्या घरातून गेली त्या घरातून बाहेर पडलीच नव्हती.

६

शुक्रवारी दुपारी मास्तर माडीवर एकटेच होते. रुचीनं त्यांचा कागद टेबलावर ठेवला आणि 'पन्नास'वर बोट टेकलं.

मास्तरांनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला.

"नीतूनंबी हेच लिहिलं असन," ते म्हणाले.

"नीतू डोंगरगढची आहे. तुम्ही सालेकशाचे."

मग मास्तर उठले आणि चित्रांच्या जुन्या फळ्यांमागून निळी वही काढून तिच्यासमोर ठेवली.

"मले वाटलं होतं एकदा वाचतो अन् ठेवतो. खिडकी लावायले वर आलो, शेवटचं पान उघडलं. मंग खाली ठेववलीच नाही." त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते. "पत्ता माह्या मायनं तोडला, रुची. पुडे म्या बांधले. सीमेपलीकडच्या फडावर दोन उन्हाळे गेलो, तिथला पन्नासचा पुडाबी माह्या हातातून गेला. दोन्ही मले माहीत. सहा वर्षं झाली, मी फडावरची मोहीम लिहून राहिलो अन् फाडून राहिलो. अन् हे मले काऊन नाही सुचलं? त्या पोराले सुचलं. त्यानं फड पाहिला तोबी टपाल टाकता टाकता."

"म्हणून तुम्ही कागदावर पन्नास लिहिलं?"

"ध्यानातच नाही आलं. ते पान मले इतकं पाठ झालं होतं का हातातून दुसरं निघालंच नाही."

रुचीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. अतुलच्या चाळीसच्या चाळीस वस्तू तिलाही गुण-किंमतीसकट पाठ होत्या. ज्याच्यावर जळावं त्याचं सगळं पाठ होतं, हा काही मास्तरांचा एकट्याचा रोग नव्हता.

"माहं एक ऐक," मास्तर हळूच म्हणाले. "वही चुलीत जाऊ दे. मी सांगतो, रद्दीत गेली, माही चूक झाली. तुह्यावरचा आळ गेला. उद्या तुही मोहीम पुण्याले जाईल. तू त्याच्या आधीची आहेस. इथल्या पहिल्या मोहिमा तुह्या."

तिला हसू आलं नाही की रागही आला नाही. तिला फक्त ते हवं होतं. अगदी हवं होतं. नाव स्वच्छ, मोहीम पुण्याला, अतुलच्या चेहऱ्यावर एकदा तरी हरल्याची कळा. सगळं एका फटक्यात मिळत होतं, आणि तिला बोट उचलायची गरज नव्हती.

तिनं वही उघडली. शेवटचं पान तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती उभ्यानंच वाचत गेली. एकावन्नावं पान नाही हे कळल्यावर खेळणाऱ्यांना मेलेल्या बाईला एकही प्रश्न विचारता येत नाही. तिचं नाव विचारायचंच राहून गेलेलं असतं. मुन्शी पकडला जातो, पण ती कोण हे कधी कळत नाही, आणि सूत्रधारानं तिथं अर्धा मिनिट गप्प बसायचं, एवढंच खाली लिहिलं होतं.

रुचीनं वही मिटली. तिला वाटलं, हे वाईट असतं तर किती बरं झालं असतं. वाईट असतं तर तिनं स्वतः काडी ओढली असती.

"उद्या बारा वाजेपर्यंत तुम्ही केंद्रावर या," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगा. मी कोणाचं नाव घेणार नाही. पण बारानंतर मले कोणी विचारलं तर खोटंबी बोलणार नाही."

वही पिशवीत घालून ती जिना उतरली.

७

शनिवारी सकाळपासून केंद्राच्या आतल्या खोलीत चौघं जुंपलेली होती. गुड्डू वाचून सांगत होता, रुची टाईप करत होती, नीतू नकाशे स्कॅन करत होती, अतुल चुका काढत होता. वही कुठं सापडली, हे दहादा विचारून झालं होतं.

"ज्याच्याकडं होती तो सांगेल," रुची प्रत्येक वेळी एवढंच म्हणाली.

"आणि तो नहीं आया तो?" गुड्डूनं विचारलं. त्याच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं. नीतूनं त्याला कोपरानं ढोसलं.

बाराला दहा मिनिटं असताना देवीदास मास्तर आत आले. कोणी खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. वही आपण घेतली, कोणत्या जळफळाटानं घेतली आणि रुचीला कोणतं आमिष दाखवलं, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. चुलीची गोष्टही लपवली नाही. गुड्डूची मान खाली गेली. त्यानं रुचीकडे न पाहताच तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

अतुलनं वही पुढं ओढून पानं उलटली. मग म्हणाला, "काका, मले राग आला आहे. तो आज जाणार नाही. पण पान सदुसष्टवर फडाचं चित्र माझ्यानं नीट निघालं नाही. तुम्ही काढून देता का?"

मास्तर बसले आणि पेन्सिल मागितली.

पावणेपाचला मोहीम ईमेलनं पुण्याला गेली. मंडळी चहाला बाहेर पडली. आवरायला रुची थांबली होती, आणि का कोण जाणे, अतुलही. तो दारात घोटाळत राहिला.

"शेवट वाचला तू?" त्यानं विचारलं.

"वाचला."

"कसा आहे?"

तीन वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी आपण होऊन सांगितलं नव्हतं. रुचीनं की-बोर्डवरची धूळ बोटानं पुसली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि मी तुझ्यावर जळते, अतुल. पहिल्या दिवसापासून जळून राहिली आहे. काल ती वही जाळायचं माझ्या अगदी मनात आलं होतं."

"माहीत आहे," अतुल म्हणाला. "मास्तर सांगत होते तेव्हा तुझ्याकडं पाहिलं मी."

रुचीला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की आतली आग निवेल. ती निवली नाही. उलट बोलल्यानं मोकळी होऊन जास्तच पेटली. तिनं संगणकावर एक कोरं पान उघडलं, वर 'मोहीम' असं लिहिलं आणि त्याच्याकडे न वळता म्हणाली,

"तू जा आता चहाले. मले काम आहे."